शताब्दी स्मरणिका: मॅटर चिकटवण्याच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

आमच्या गावच्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेचं काम आजपासून सुरू. प्रकाशन दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला. साधारण १६० पानं, आकार ७.२५ बाय ९.५ इंच, सोळा पानांचा एक फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं) रंगीत आणि बाकी सगळे एकरंगी. मांडणी इनडिझाइन या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये. प्रेसवाल्या काकांना ५ ऑक्टोबरला पीडीएफ हवी, त्याच रात्री ते छपाईच्या प्लेटा काढणार.

मॅटर कसकसं आलंय ते लिहून ठेवते. वर्डच्या फायली सगळ्यात जास्त. काही लेख ईमेलच्या पोटातच लिहिलेले. आठवणी आणि कविता व्हॉट्सॲपवर. दोन लेख गूगल डॉक्समध्ये. शिवाय १९९९ च्या अमृतमहोत्सवी अंकातले तीन लेख एका सीडीवर, जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेले. लिहिणारे चाळीसेक जण, आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा.

संपादक मॅडम निवृत्त मराठी शिक्षिका आहेत. त्यांनी एकच अट घातली: "लेखकानं लिहिलेला शब्द छापताना बदलता कामा नये." अट सोपी वाटते, पण चिकटवताना शब्द बदलतात हे मी पाहिलेलं आहे. म्हणून ही वही.

१४ ऑगस्ट

पहिला लेख एका कच्च्या फाइलमध्ये ओतून पाहिला आणि अक्षरं फुटली. ‘विद्यार्थी’तली पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली, द चा मोडलेला पाय दिसू लागला, रफाराऐवजी आख्खा र उभा. फॉन्ट बरोबर होता. कारण कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणारा इनडिझाइनचा भाग. नव्या फाइलमध्ये साधा पॅराग्राफ कंपोझर असतो, त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो. २०१२ साली इनडिझाइनची सीएस६ आवृत्ती आली तेव्हापासून ही सोय हाताशी आहे. त्याआधी आम्ही जुन्या फॉन्टवरच कामं काढायचो.

इथं एक गोष्ट कायम विसरली जाते. कंपोझर हा परिच्छेदाचा गुण आहे, फाइलचा नाही. मी कच्च्या फाइलमध्ये ‘लेख’ नावाची शैली, म्हणजे फॉन्ट, आकार वगैरे ठरवून ठेवलेला संच, केली होती. तिथला मजकूर उचलून मुख्य फाइलमध्ये ठेवला, तर ती शैली साध्या कंपोझरसकट इकडे आली. मुख्य फाइलमध्ये मी सगळं नीट लावून ठेवलेलं असूनही जोडाक्षरं तुटलेलीच.

आज बसून क्लिपबोर्डचा हिशेब नीट समजून घेतला. वर्डमध्ये कॉपी केलं की क्लिपबोर्डवर एकच गोष्ट जात नाही. तोच मजकूर तिथं अनेक रूपांत एकाच वेळी पडलेला असतो: एक नुसती अक्षरं, आणि रंगरूपासकटची दोन, आरटीएफ आणि एचटीएमएल. चिकटवताना त्यातलं कुठलं उचलायचं ते समोरचा प्रोग्राम ठरवतो. म्हणून एकच कॉपी नोटपॅडमध्ये कोरडी उतरते आणि ईमेलमध्ये रंगरूप घेऊन उतरते. इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये क्लिपबोर्ड हँडलिंग नावाचा भाग आहे. तिथं बाहेरून आलेल्या मजकुरासाठी ‘टेक्स्ट ओन्ली’ किंवा ‘ऑल इन्फर्मेशन’ यांतलं एक निवडता येतं. मुळात टेक्स्ट ओन्लीच असतं. पण ही निवड बाहेरच्या प्रोग्रामपुरती. इनडिझाइनच्या एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये नेताना शैली सोबत येतेच. ती नको असेल तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही. माझी ‘लेख’ शैली याच वाटेनं घुसली होती.

१६ ऑगस्ट

टेक्स्ट ओन्लीनं चिकटवलेला मजकूर कर्सर जिथं असेल तिथलं रूप घेतो. मी शीर्षकाच्या ओळीच्या शेवटी कर्सर ठेवून चिकटवलं, तर अकराशे शब्द २४ पॉइंटात आले. यापुढे आधी रिकाम्या परिच्छेदाला ‘मुख्य मजकूर’ शैली लावायची, मगच चिकटवायचं.

१९ ऑगस्ट

एका प्राध्यापकांचा हस्तलिखितांवरचा लेख. वर्डमध्ये आहे, तळटीपा अकरा, ग्रंथांची नावं तिरप्या अक्षरात. आमच्या धंद्यातली जुनी सवय म्हणजे सगळं आधी नोटपॅडमधून गाळून घ्यायचं. तसं केलं तर ग्रंथांची नावं बाकीच्या मजकुरात विरघळतात आणि तळटीप तळटीप म्हणून राहत नाही. असा लेख चिकटवायचाच नाही. कंट्रोल-डी नं फाइल प्लेस करायची आणि इम्पोर्टचे पर्याय उघडून बघायचे. तळटीपा तिथून खऱ्या तळटीपा म्हणून येतात, पान हललं की सोबत हलतात. वर्डच्या शैलीसमोर आपली शैलीही तिथंच नेमून देता येते: त्यांचं ‘नॉर्मल’ ते आपलं ‘मुख्य मजकूर’, त्यांचं ‘हेडिंग १’ ते आपलं ‘शीर्षक’. नेमून दिलं नाही, तर त्यांच्या शैली आपल्या यादीत छोट्या डिस्कच्या खुणेसह येऊन बसतात.

तिरप्या अक्षरांची अडचण निराळी. लेखकानं निर्मला फॉन्टमध्ये लिहिलंय आणि त्या फॉन्टला तिरपं रूपच नाही. वर्ड उभीच अक्षरं ओढून तिरपी दाखवतो. इनडिझाइन तसं करत नाही. फॉन्टमध्ये ते रूप नसेल तर मजकुरामागे गुलाबी पट्टा दाखवून थांबतं. लेखभर एकोणीस गुलाबी पट्टे आले. मला ते उपयोगाचे वाटले, कारण प्रत्येक पट्टा म्हणजे लेखकानं काहीतरी वेगळं काढून दाखवलेली जागा.

केलं ते असं. आधी वर्डमध्येच तिरपी अक्षरं शोधून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना खुणेची चिन्हं घातली. मग फाइल प्लेस केली. मग ग्रेप शोधानं, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या सोयीनं, त्या खुणांमधल्या मजकुराला ‘ग्रंथनाम’ ही अक्षरशैली लावली आणि खुणा काढल्या. शेवटी सगळा लेख निवडून ऑल्ट दाबून ‘मुख्य मजकूर’वर क्लिक केलं. यानं वरून चिकटलेलं सगळं उडतं, पण अक्षरशैली शाबूत राहते. ऑल्टबरोबर शिफ्टही दाबली तर अक्षरशैलीसुद्धा जाते, तेवढं लक्षात ठेवायचं. जे वाचवायचं त्याला आधी नाव द्यायचं, मग झाडू फिरवायचा.

‘ग्रंथनाम’ शैलीत मी तिरपं ठेवलं नाही, किंचित जाड वजन ठेवलं. देवनागरीची शिरोरेषा तिरपी झाली की ओळ घसरल्यासारखी दिसते. मॅडमना दाखवलं, त्यांनाही पटलं.

२२ ऑगस्ट

स्वॉचेसच्या, म्हणजे फाइलमधल्या रंगांच्या, यादीत मी न बनवलेले सात रंग. नावं सगळी ‘वर्ड’नं सुरू होणारी आणि पुढे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे. एक ३४, ३४, ३४ असा. डोळ्यांना तो काळाच वाटतो. ईमेलमधला मजकूर एका लेखकानं वर्डमध्ये चिकटवला, तो ईमेलचा गडद राखाडी घेऊन आला आणि तिथून इकडे.

पडद्यावर काही कळत नाही, कागदावर कळतं. एकरंगी फॉर्ममध्ये असा मजकूर शंभर टक्के काळा न राहता राखाडी होतो, म्हणजे ठिपक्यांत फुटतो. आधीच बारीक असलेल्या मात्रा आणि अनुस्वार त्यात खरखरीत होतात. रंगीत फॉर्ममध्ये तर तो चारही प्लेटांवर वाटला जातो. रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं तरी अक्षरांना रंगीत किनार येते. एका कार्यक्रमपत्रिकेत असं झालेलं मी पाहिलंय, अख्खं पान वाचताना डोळे दुखत होते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी दाखवणारं सेपरेशन्सचं पॅनेल उघडायचं आणि काळी प्लेट बंद करायची. मजकूर पानावरून नाहीसा झाला तर तो शुद्ध काळा. जो मागे उरतो तो दोषी. आज पाच लेख मागे उरले. ते सातही रंग यादीतून काढले. काढताना ‘त्याजागी काय ठेवू’ असं विचारलं जातं, तिथं काळा दिला.

२६ ऑगस्ट

सीडीवरचे लेख. यांतला एक संस्थापकांच्या मुलानं लिहिलेला आहे, ते आता हयात नाहीत. त्यामुळे दुसरी प्रत मागायला जागा नाही.

टेक्स्ट ओन्लीनं चिकटवलं आणि पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा. हे होणारच होतं. जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या खणांत बसवलेली असायची. फाइलमध्ये साठलेलं असतं ते इंग्रजी अक्षर, आणि त्याला मराठी दाखवणारा असतो फक्त फॉन्ट. इतर लेखांत फॉन्ट म्हणजे अंगावरचा सदरा, काढला तरी माणूस तोच. या तीन लेखांत फॉन्ट काढला की मजकूरच उरत नाही. रूपासकट चिकटवलं तर दिसतं बरोबर, पण आपली शैली लावताक्षणी पुन्हा तेच. शोधता येत नाही, शब्दसूचीत घेता येत नाही.

मग कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणलं. इथं चुका कुठं होतात ते लिहून ठेवते, कारण त्या ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. ‘आर्थिक’ घ्या. जुन्यात आधी आ, मग वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीला थ च्या नंतर आणि रफाराला थ च्या आधी उचलून न्यावं लागतं. दोन्ही एकाच अक्षरावर असले, वर अनुस्वारही असला, की कन्व्हर्टर गडबडतो. दुसरी जागा ‘ो’ची. जुन्यात काना आणि मात्रा वेगळे टाइप केलेले. ते तसेच सुटे राहिले तर कधी कधी छापील अक्षरात फरक दिसत नाही, पण ‘लोकमान्य’ शोधलं तर सापडत नाही. शोधून एकत्र केले, ६४ ठिकाणी.

तिन्ही लेख मॅडमनी १९९९ चा छापील अंक समोर ठेवून ओळीनं ओळ ताडून पाहिले. तीन दुपारी गेल्या. संस्थापकांबद्दलचं शेवटचं पान वाचताना त्या मध्येच थांबल्या आणि मला ते मोठ्यानं वाचायला सांगितलं.

२९ ऑगस्ट

जात्यावरच्या ओव्या. गावातल्या एका आजींनी सांगितल्या, नातीनं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवल्या. चिकटवल्यावर प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद झाली. ‘मुख्य मजकूर’मध्ये परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवलेली आहे, त्यामुळे ओवीची प्रत्येक ओळ आत सरकली आणि ओव्यांमधली मोकळी जागा गेली. ओवीत ओळ कुठं मोडते यालाच अर्थ आहे. ते श्वास घ्यायचं ठिकाण आहे.

तीन फेऱ्यांत दुरुस्त केलं. लागोपाठच्या दोन परिच्छेदखुणांच्या जागी एक तात्पुरती खूण, उरलेल्या एकेका परिच्छेदखुणेच्या जागी शिफ्ट-एंटरची ओळ, मग तात्पुरत्या खुणेच्या जागी परत परिच्छेद. आता एक ओवी म्हणजे एक परिच्छेद. व्हॉट्सॲपमधली जाड अक्षरं दोन तारकांमध्ये येतात, तीही ग्रेपनं अक्षरशैलीत बदलली. नातीनं आजींचं नाव जाड केलं होतं, ते तसंच ठेवलं.

५ सप्टेंबर

पानं ९७ ते १४४ ग्रंथपालांचा भाचा त्याच्या लॅपटॉपवर लावतोय. आज त्याची पानं माझ्या फाइलमध्ये घेतली. एकाच नावाची शैली दोन्हीकडे असेल तर जिथं चिकटवतो तिथली व्याख्या चालते, म्हणून त्याचं ‘शीर्षक’ गपचूप माझं ‘शीर्षक’ झालं, आणि ते मला हवंच होतं. पण त्यानं ‘मुख्यमजकूर’ असं जोडून लिहिलेलं, मी ‘मुख्य मजकूर’. दोन वेगळ्या शैली. लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, माझं १६ पॉइंट, त्याचं १६.५. समोरासमोरच्या पानांवरच्या ओळी जुळेनात तेव्हा लक्षात आलं. त्याची शैली काढून माझी लावली.

आता गणपती. वही बंद.

१९ सप्टेंबर

पहिली प्रुफं मॅडमकडून परत आली. शताब्दीच्या उद्घाटनाला झालेल्या जेवणावळीची आठवण, पान ११२. मॅडमनी एका वाक्याला लाल गोल केलाय आणि पुढे काही लिहिलेलं नाही. वाक्य असं: ‘आचार्यांनी पहाटे तीनला चूल पेटवली.’

लेखकानं ‘आचाऱ्यांनी’ लिहिलं होतं. स्वयंपाक करणारे आचारी.

मग शोधत गेले. भटकंतीच्या लेखात ‘सह्याद्रीच्या दर्या’. एका कथेत ‘वर्हाड’ दारात. ‘बिचार्या’, ‘पुढार्यांना’, ‘शेतकर्यांची’. आणि सगळे लेख असे नाहीत. ओव्या नीट आहेत, हस्तलिखितांचा लेख नीट आहे.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, वेबवरून आलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं होती, शब्द मध्येच तुटत होते. म्हणून मी सगळी शून्य रुंदीची अक्षरं एका दमात काढून टाकली." त्याचं कारण खरं होतं. तशी अक्षरं येतात आणि ती त्रास देतात.

पण त्यातलं एक, युनिकोड क्रमांक यू+२००डी, मराठीत कामाचं आहे. आपला अर्धा ऱ, जो ‘दऱ्या’त आणि ‘कुऱ्हाडी’त पापणीसारखा लिहितो, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षरानं, क्रमांक यू+०९३१, पुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्याला चिकटून ते न दिसणारं जोडचिन्ह. काही कीबोर्ड पहिला प्रकार देतात, काही दुसरा. छापल्यावर दोन्ही सारखे. जोडचिन्ह काढलं की पहिल्या प्रकाराला काही होत नाही. दुसऱ्या प्रकारात उरतो र आणि हलन्त, आणि फॉन्ट त्याचा रफार करतो. आचारी आचार्य होतात, दऱ्यांचा समुद्र होतो.

आणि हे उलटं फिरवता येत नाही. ‘र्या’ सगळीकडे ‘ऱ्या’ करावं तर ‘कार्यालय’, ‘सूर्य’, ‘पर्याय’ आणि खरे आचार्य बिघडतात. वाचनालयाच्या पहिल्या अध्यक्षांना आचार्यच म्हणायचे, त्यांच्यावर दोन लेख आहेत. मजकुरात उरलेल्या अक्षरांवरून कोणता कोण हे यंत्राला ठरवता येणार नाही. जे चिन्ह सांगत होतं तेच आपण पुसलं. दिसत नाही म्हणून ते कचरा समजलं गेलं, आणि मीही त्याला आधी सांगायला हवं होतं. शैलींची यादी दिली, ही गोष्ट दिली नाही.

२१ सप्टेंबर

दुरुस्ती. भाच्याच्या वाट्याचे तेरा लेख मूळ फायलींतून पुन्हा घेतले. लावलेली पानं मोडायची नव्हती, म्हणून मूळ मजकूर शेजारी उघडून त्यातले ऱ असलेले शब्द काढले आणि पानांवर एकेक बदलला. तो आणि मी, सकाळी दहा ते रात्री नऊ.

यापुढचा क्रम ठरवला आणि भिंतीवर लावला. मॅटर आल्या आल्या, काहीही गाळण्याआधी, र-हलन्त-जोडचिन्ह याच्या जागी ऱ-हलन्त करायचं. ते झालं की अर्धा ऱ कुठल्याही न दिसणाऱ्या चिन्हावर अवलंबून राहत नाही. मग उरलेली शून्य रुंदीची चिन्हं एकेक बघून काढायची, ‘सगळी बदला’ दाबायचं नाही. कारण यू+२००सी हे दुसरं चिन्ह मोडलेला पाय मुद्दाम दाखवायला वापरतात, आणि व्याकरणावरच्या लेखात ते चार ठिकाणी तसंच हवं आहे.

२५ सप्टेंबर

मॅडमची दुसरी खूण: काही पानांवर ल आणि श हिंदी वळणाचे. एकाच पानावर दोन वळणं. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं २००९ च्या शासन निर्णयातही दिलेली आहेत, आणि मॅडमनी ती फळ्यावर आयुष्यभर शिकवली.

फॉन्ट तोच, शैली तीच, तरी फरक. आमच्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत आणि कुठलं दाखवायचं ते मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. भाषा हाही अक्षराचा गुण आहे, जाडपणा किंवा रंगासारखा, आणि तोही सोबत प्रवास करतो. तीन लेखांना हिंदी लागलेली होती. त्यांची भाषा मराठी केली, ल ला पाकळ्या आल्या. ‘मुख्य मजकूर’ शैलीत भाषा मराठी होतीच, पण वरून लागलेली हिंदी तिला झाकत होती. शैलीच्या नावापुढची अधिकची खूण हेच सांगत असते. ती मी या लेखांत पाहिली होती आणि पुढे गेले होते.

३० सप्टेंबर

काळी प्लेट बंद करून सगळी पानं पाहिली. स्वच्छ. अधिकची खूण उरलेले परिच्छेद नऊ, सगळे मुद्दाम केलेले. गुलाबी पट्टा कुठेही नाही.

४ ऑक्टोबर

काल केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रात्री अकराला अध्यक्षांचा व्हॉट्सॲपवर निरोप: मनोगतात चार ओळी वाढवायच्या आहेत, मजकूर खाली देतोय. उद्या पीडीएफ जायची आहे, पण ही बातमी आपल्या शताब्दीच्या अंकात नसावी असं कुणालाच वाटलं नसतं, मलाही नाही.

पान ७. कर्सर परिच्छेदाच्या आत ठेवून कंट्रोल-शिफ्ट-व्ही. तारका दोन होत्या, काढल्या. जोडचिन्हाची फेरी केली, अध्यक्षांच्या फोननं दुसऱ्या प्रकारचा अर्धा ऱ दिला होता. तो बदलला. मजकूर दोन ओळींनी चौकटीबाहेर गेला, म्हणून मॅडमना विचारून फोटो तीन मिलिमीटरनं आटोपता केला आणि दोन परिच्छेद जोडले. भाषा मराठी, रंग काळा.

मॅडम पावणेबाराला आल्या आणि ते पान पडद्यावरच वाचलं. ‘वाचनालयाच्या साऱ्या वाचकांना आणि साऱ्या कार्यकर्त्यांना’ अशी ओळ आहे. त्यांनी दोन्ही ‘साऱ्या’वर बोट ठेवलं, मग ‘कार्यकर्त्यां’वर, आणि मान हलवली. पीडीएफ काढायला लावली.